ड्रॅगन क्वेस्ट ११ : २८ तासांवर अडकलोय, पुढे खेळू का? (मदत हवी आहे)

मंडळी, सल्ला हवाय. शक्यतो पुढची कथा न फोडता.

ड्रॅगन क्वेस्ट ११ या जपानी रोल-प्लेइंग गेमची 'एस' आवृत्ती दिवाळीत पीसीवर घेतली. सेव्हवर आता २८ तास दिसतायत. मुलगी झोपली की रात्री तासभर मिळतो, तोही रोज नाही. मुख्य कथाच साठेक तासांची, आणि सगळं करायचं तर शंभराच्या पुढे, असं वाचतोय. मार्चअखेरच्या कामात महिनाभर गेमला हात लागला नाही. आता उघडला तर कुठे निघालो होतो तेच आठवत नाही. वाटेतल्या लढाया त्याच त्या वाटायला लागल्यात. आणि नायक एक शब्द बोलत नाही, सगळे त्याच्याशी बोलतात आणि हा नुसता मान हलवतो.

तरी सोडवत नाही, त्याचं कारण लोनालुलू गाव. तिथल्या प्रसंगातल्या जलपरीला, तिचा प्रियकर कायनोआ आता कधीच येणार नाही हे खरं सांगायचं की खोटा दिलासा द्यायचा, हे गेम आपल्याला विचारतो. रविवार होता, मुलगी शेजारी बसलेली. "खरं सांग" म्हणाली. सांगितलं. पुढचं पाहून ती खूप रडली आणि झोपताना दोनदा विचारलं, "बाबा, आपण चुकलो का?" मला उत्तर देता आलं नाही.

असं पुढे अजून असेल तर वेळ द्यायची माझी तयारी आहे. आहे का? दुसरं, यात जुन्या धाटणीचा टूडी मोडही आहे. लहानपणी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर वाढलोय, त्यामुळे मोह होतोय. आता बदलू का?

निळा_स्लाइम :
आहे. आणि मुलीला शेजारी बसवूनच खेळा.

आधी कामाचं. गेम लोड करताना 'आतापर्यंतची कथा' येते, ती घाईत पुढे ढकलू नका. मेन्यूत सोबत्यांशी बोलायची सोय आहे, पुढे कुठे जायचं ते त्यांच्या बोलण्यात सापडतं. किरकोळ लढायांसाठी डावपेचांत 'फाइट वाइजली' (म्हणजे गेमच त्यांच्या वतीने लढतो) सगळ्यांना लावा, नायकालासुद्धा, आणि लढाईचा वेग वाढवा. मोठ्या शत्रूसमोर मात्र नायक स्वतःच्या हातात घ्या.

टूडीत आत्ता जाऊ नका. लेव्हल आणि सामान राहतं, पण कथा निवडलेल्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून पुन्हा खेळावी लागते. शिवाय थ्रीडीत शत्रू समोर दिसतो, टाळता येतो. टूडीत तो चालता चालता अचानक अंगावर येतो. तुमच्या तासाभरात ते परवडणार नाही. हौस टिकिंग्टन गावात भागवा. तिथून मालिकेच्या आधीच्या दहा भागांच्या जगांत जाता येतं, आणि ते सगळं टूडीतच आहे.

आता लांबीबद्दल. तुम्ही होट्टोत गेलात तेव्हा लोक हायकूत बोलत होते, आठवतं? गॅलोपोलिसची घोड्यांची शर्यत, गोंडोलियाचे कालवे? ही गावं तुम्हाला आठवण्याइतकी ओळखीची व्हावीत म्हणून गेम इतका वेळ घेतो. सहाही ऑर्ब (जादुई गोळे) जमवून यग्द्रासिल वृक्षापर्यंत पोचा. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर एखाद्या गावाच्या वेशीवर पाय ठेवताना माझे हात खरंच थांबले होते, कारण तिथला दुकानदार, तिथली म्हातारी मला माहीत होती. दहा तासांच्या गेममध्ये हे होऊच शकत नाही.

नायकाचं मौनही मुद्दाम आहे. १९८६ साली पहिला भाग केला तेव्हापासून मालिकेचे जनक युजी होरी यांनी नायकाला गप्प ठेवलंय, म्हणजे ती जागा खेळणाऱ्याची राहते. जलपरीला खरं कोणी सांगितलं? तुमच्या मुलीने. नायक बोलका असता तर तिने "आपण चुकलो का" असं विचारलंच नसतं.

चर्चमध्ये जाऊन सेव्ह करणं, पुढच्या लेव्हलला किती गुण हवेत ते धर्मगुरूंनी सांगणं, लेव्हल वाढल्यावरची ती छोटी धून, हे सगळं जुनं आहे आणि प्रेमाने जपलेलं आहे. होरींनी चिखलाच्या गोळ्यासारखा काढलेला स्लाइम हा छोटा शत्रू चित्रकार अकिरा तोरियामांनी थेंबाच्या आकाराचा, हसरा केला, तो आजही तसाच हसतो. तोरियामा २०२४ मध्ये गेले, संगीतकार कोइची सुगियामा २०२१ मध्ये. त्या तिघांचं काम एकत्र ऐकायला-बघायला मिळतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या 'एस' आवृत्तीत तर खऱ्या वाद्यवृंदाचं संगीत आहे. रात्री हेडफोन लावा.

मध्यरात्रीचा_खेळाडू :
वरच्याशी बव्हंशी सहमत, पण दोष लपवू नयेत. लढाया सोप्या आहेत. कठीण करणारं 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' सुरुवातीलाच निवडावं लागतं, म्हणजे तुमच्यासाठी ते दार बंद. मधल्या भागात त्याच जागांवर पुन्हा जाताना मला काही ठिकाणी कंटाळा आला होता. आणि श्रेयनामावली आली की गेम संपला असं समजू नका, पुढे आणखी मोठा भाग आहे. मात्र तुमच्याकडे वेळ कमी आहे, तर नामावलीपाशी थांबलात तरी कथा अर्धवट वाटणार नाही. त्यापुढचं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. काल सोबत्यांशी बोलून पाहिलं, पाच मिनिटांत धागा हाती आला. वाटेतल्या लढाया सोबत्यांवर सोपवल्यावर त्याच तासात दुप्पट अंतर कापलं. मुलीला तो मौनाचा मुद्दा सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पुढच्या वेळी पण मीच सांगणार." त्यामुळे आता रात्री एकट्याने फक्त लेव्हल वाढवायच्या, कथा रविवारी, असं ठरलंय. या रविवारी बर्फातल्या स्निफलहाइमला निघतोय.

शेवटचं एक, सोबत्यांपैकी एरिकला बूमरँग की खंजीर? त्याचे कौशल्याचे गुण माझ्याकडून दोन्हीकडे वाटले गेलेत.

निळा_स्लाइम :
खंजीर. आधी शत्रूला झोपवा किंवा विष चढवा, मग 'व्हिक्टिमायझर' हा खंजिराचा वार मारा. बूमरँगमध्ये घातलेले गुण चर्चमध्ये थोडं सोनं देऊन परत घेता येतात. स्निफलहाइमला जाण्याआधी हे करून घ्या.