चौदा माणसे, तीन पिढ्या : कोकणात खासगी तरणतलावाचा बंगला घ्यावा का?

संगममाहुली (सातारा)

नाताळच्या सुट्टीत घरातली १४ माणसे दोन रात्रींसाठी गुहागरच्या बाजूला जाण्याचे ठरत आहे. त्यांत ७८ वर्षांची आई आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले काका आहेत आणि सर्वांत धाकटा पुतण्या साडेतीन वर्षांचा आहे. आजवर आम्ही लॉजच्या खोल्या घेत आलो. या वेळी स्वतंत्र तरणतलाव असलेला अख्खा बंगला घ्यावा असे माझे मत आहे आणि घरातल्या निम्म्या लोकांना ते पटलेले नाही. माझी बाजू मांडतो. ती कुठे लंगडी पडते ते सांगावे.

पहिले कारण एकत्र राहण्याचे. दोन मजल्यांवर विखुरलेल्या पाच खोल्या घेतल्या की कुटुंब सहलीला आलेले असले तरी एकत्र आलेले नसते. मग रात्री एकाच खोलीत सगळे पलंगावर दाटीवाटीने बसतात, दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो आणि दहा वाजता मॅनेजरचा फोन येतो की शेजारच्यांना त्रास होत आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मागे गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा आमच्या घरातल्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून परत फिरल्या, कारण बाजूला मोबाइल घेतलेल्या मुलांचे टोळके होते. आईचा पाण्याशी संबंध कृष्णेच्या घाटावर पाय बुडवण्यापलीकडे कधी गेलाच नाही. भिंतीआडच्या चार फूट पाण्यात, ज्या कपड्यांत संकोच वाटत नाही त्या कपड्यांत, कोणी पाहत नसताना या बायकांना तासभर डुंबता आले, तर मला त्या बंगल्याचे भाडे वसूल झाल्यासारखे वाटेल.

तिसरे कारण समुद्राचे. मुलांना दिवसभर समुद्रात सोडता येत नाही, सोडूही नये. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही गोष्ट कोणी विसरलेले नसेल. सकाळ-संध्याकाळ किनारा आणि मधल्या उन्हात बंगल्यातले पाणी, असा माझा हिशोब आहे.

हळदपेठ (सांगली)

आपल्या तिसऱ्या कारणाशी माझा पूर्ण विरोध आहे. समुद्राची माणसाला भीती वाटते. तिथे प्रत्येक जण मुलाचा हात धरून असतो. बंगल्यातल्या तलावाची भीती कोणालाच वाटत नाही आणि धोका नेमका तिथे आहे. लहान मूल बुडताना हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. ते निमूट खाली जाते. १४ मोठी-लहान माणसे अवतीभवती असली की ‘कोणीतरी बघत असेल’ असे प्रत्येकालाच वाटते.

गेल्या मे महिन्यात आम्ही असाच एक बंगला घेतला होता. जाहिरातीत ज्याचे सर्वांत कौतुक होते, तो हॉलमधून थेट पाण्यापाशी उघडणारा सरकता काचेचा दरवाजा होता. सकाळी सव्वासहाला माझी बहीण चहा टाकायला उठली, तेव्हा चार वर्षांची भाची तो दरवाजा स्वतः सरकवून बाहेर गेली होती आणि पहिल्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून, तरंगत दूर चाललेला प्लॅस्टिकचा बदक हाताने ओढू पाहत होती. पुढची पायरी थेट साडेतीन फुटांची होती. बहीण दहा मिनिटे उशिरा उठली असती तर, हा विचार आमच्या घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. हॉटेलचा तलाव ठरलेल्या वेळी बंद होतो, तिथे बहुधा एखादा माणूस नेमलेला असतो. बंगल्याचा तलाव रात्रभर उघडा असतो आणि तिथला रखवालदार म्हणजे आपणच.

तलावाला चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारे फाटक हवे, असा सुरक्षिततेचा साधा नियम जगभर सांगितला जातो. जाहिरातींतली छायाचित्रे पाहा आणि असे कुंपण किती ठिकाणी दिसते ते मोजा. कुंपण आले की छायाचित्राची शोभा जाते, म्हणून ते नसते.

आता पैशांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग असेल तर १८ टक्के. आपण ४,५०० रुपयांच्या पाच खोल्या घेतल्या तर एका रात्रीचे २२,५०० आणि करासह २३,६२५ होतात. अख्खा बंगला २४,००० ला एकाच दराने घेतला आणि मालक नोंदणीकृत असला, तर २८,३२० होतात. दिसायला दीड हजाराचा फरक, प्रत्यक्षात पावणेपाच हजारांचा.

प्रीतिसंगम (कराड)

संगममाहुलीदादा, दुसरे कारण एका पुरुषाने लिहिले याचे बरे वाटले. ते खरे आहे आणि हळदपेठ यांनी त्याला उत्तर दिलेले नाही. माझ्या सासूबाई ६६ व्या वर्षी पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्या त्या अशाच एका बंगल्यात, आणि बाहेर यायला तयार नव्हत्या.

परंतु ज्या बायकांसाठी आपण हा बंगला घेत आहात, त्यांचा बाकीचा दिवस कुठे जाईल याचाही विचार करावा. ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ हे शब्द वाचून पुरुषांना आनंद होतो, मला धडकी भरते. त्याच सहलीत आम्ही तिघी जावा सकाळी १४ नव्हे, १७ माणसांचे पोहे करत होतो. शेगडीचा एक बर्नर पेटत नव्हता, सुरीची मूठ सुटली होती आणि सर्वांत मोठे पातेले आठ माणसांचे होते. पोहे तीन घाण्यांत झाले. तिसरा घाणा उतरला तेव्हा पहिल्या घाण्यातली मंडळी चहा मागत होती. भांडी उरकून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पाणी पार लांब गेले होते आणि सगळे परत निघाले होते. हॉटेलात संकोच असतो, पण निदान खरकटे ताट उचलावे लागत नाही.

त्यामुळे माझे मत असे की स्वयंपाकीण किंवा जवळच्या खानावळीतून दोन्ही वेळचे डबे ठरलेले असतील, तरच बंगला घ्यावा. ‘तिथे गेल्यावर बघू’ या वाक्याचा अर्थ ‘बायका बघतील’ असाच असतो.

जत पूर्व (सांगली जिल्हा)

तलावाच्या पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. २० बाय १० फुटांचा, चार फूट खोल तलाव म्हणजे ८०० घनफूट. साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी. दहा हजार लिटरचे सव्वादोन टँकर. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण उतार आणि कातळामुळे तो समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथल्याही वाड्यांवर टँकर येतात. ज्यांच्या गावात टँकर आल्यावर बायका घागरी घेऊन धावतात, त्यांनी तशाच दुसऱ्या गावात जाऊन टँकरच्या पाण्यात पोहावे, हे माझ्या मनाला पटत नाही. मला हॉटेलचे कौतुक नाही. त्याचाही तलाव असतो. परंतु तो पन्नास माणसांसाठी एक असतो.

संगममाहुली (सातारा)

जत पूर्व, आम्ही डिसेंबरमध्ये जात आहोत, तेव्हा विहिरींना पाणी असते. शिवाय ज्या तलावाला चालू फिल्टर आहे त्याचे पाणी रोज बदलत नाहीत; तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून महिनोन्‌महिने वापरतात आणि उन्हाने उडालेले व फिल्टर धुताना गेलेले तेवढेच भरतात. एका केअरटेकरने मला अभिमानाने सांगितले, “साहेब, आमच्याकडे प्रत्येक पार्टीला नवीन पाणी असतं.” मला आधी बरे वाटले. नंतर लक्षात आले की याचा अर्थ तिथे फिल्टरच नाही. तो नुसता हौद आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यात आपल्याच १४ माणसांचा घाम असणार. तो बंगला यादीतून काढला. मे महिन्यासाठी मात्र आपले म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो.

मिरज जंक्शन

छायाचित्रे पाहून कोणाच्या खात्यावर पूर्ण रक्कम पाठवू नये. आमच्या परिचयातील एकाने पाठवली. तिथे पोहोचल्यावर बंगला खरा निघाला, मालक खोटा. व्हिडिओ कॉल करून फाटकापासून तलावापर्यंत चालत दाखवायला सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

माहेर गुहागर (सातारा)

इथे बंगल्यावर आणि हॉटेलवर भांडण चालले आहे, समुद्र बाजूलाच राहिला. माझे माहेर गुहागरचे आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगते.

‘समुद्रापासून पाच मिनिटे’ याचा अर्थ बहुतेक वेळा मोटारीने पाच मिनिटे आणि तीही उतारावर. किनाऱ्याच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मनाई केली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ती मर्यादा ५० मीटरवर आणली. म्हणून नवे बंगले बहुतेक सड्यावर, टेकडीवर असतात. तिथून समुद्र सुंदर दिसतो, पण आपले काका चालत जाऊ शकणार नाहीत. प्रत्येक वेळी दोन गाड्या काढाव्या लागतील. आणि नवा बंगला अगदी वाळूला लागून असेल, तर त्याच्या परवानगीविषयी विचारायला संकोच करू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रीतिसंगमताईंना पाणी लांब गेलेले दिसले, कारण कोणी तिथी पाहिली नव्हती. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात; जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि ती उधाणाची असते. एवढे कॅलेंडर पाहून ठेवले तर न्याहारी, किनारा आणि तलाव यांच्या वेळा घरीच ठरवता येतात. बाकी स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला, की पाण्यात जाऊ नये.

माझे मत विचाराल तर खाली वाडीतले, माडा-पोफळींतले घरगुती निवास घ्यावे. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तीत नोंदलेली घरे मिळतात. चार-पाच खोल्या एकाच अंगणाभोवती, रात्री ओटीवर सगळे एकत्र, सकाळी घावणे आणि चटणी आयती, आणि मागच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणातल्या वाटेने, निघाले की वाळू. आईंना समुद्र पाहायला खुर्ची टाकून बसता येते. तलाव नाही, हे खरे.

हळदपेठ (सांगली)

ताईंचा पर्याय मला पसंत आहे. माझी हरकत एकत्र राहण्याला नव्हतीच.

प्रीतिसंगम (कराड)

घरगुती निवास मलाही आवडते, पण अंगण सर्वांचे असते. बाजूच्या खोलीत दुसरे कुटुंब उतरले की बायकांचा संकोच पुन्हा तिथेच. सगळ्या खोल्या आपल्याच असतील, तर गोष्ट वेगळी.

संगममाहुली (सातारा)

हळदपेठ, सव्वासहाची आपली गोष्ट मी काल जेवताना घरी वाचून दाखवली; पुतण्याची आई जेवता जेवता थांबली. आज ज्या दोन बंगल्यांवर विचार चालला होता त्या दोघांना फोन करून तीनच प्रश्न विचारले : तलावाला कुंपण व कडीचे फाटक आहे का, स्वयंपाकाला माणूस मिळेल का, आणि काठी घेऊन चालणारा माणूस किनाऱ्यापर्यंत जाऊ शकेल का. एकाने पहिल्याच प्रश्नाला, “आजवर इथे काही झालेलं नाही,” असे उत्तर दिले. तिथे फोन ठेवला. दुसऱ्याकडे कुंपण आहे, वाडीतली एक मावशी दोन्ही वेळ रांधून देते, पण किनारा सव्वा किलोमीटर खाली आहे.

माहेर गुहागरताई, आपण म्हणता तसे पाच खोल्यांचे अख्खे घर आपल्या माहेरच्या बाजूला त्या दोन रात्री मोकळे मिळेल का, ते विचारून सांगावे. मिळाले तर तलाव सोडून देऊ. नाही मिळाले तर सड्यावरचा बंगला घेऊ, दारांना वरून कड्या आहेत का ते आधी पाहू आणि काकांसाठी एक गाडी खालीच ठेवू. आईला विचारले तर ती म्हणाली, “पाणी थंड नसलं म्हणजे झालं.”