सकाळी टाच टेकवत नाही, कोणाला अनुभव आहे का?

बी ३०२ काकू (६:५२): सुप्रभात. जरा विचारायचं होतं. गेले दीड-दोन महिने सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. आज दाराची बेल वाजली. भिंत धरत, चवड्यावर लंगडत दारापर्यंत पोचेस्तोवर माणूस जिना उतरून गेला होता. दहा-पंधरा मिनिटं घरात फिरलं की जरा सैल पडतं. दुपारी बसून उठलं की पुन्हा तेच. कोणाला झालंय का असं?

ए १०१ काका (६:५८): हाड वाढलं असणार. आमच्या साडूंना अगदी हेच होतं. एक्स-रे काढा, लगेच दिसेल.

ए ४०२ (७:०३): काकू, भेगा असतील तर रात्री क्रीम लावून मोजे घालून झोपा.

बी ३०२ काकू (७:०५): भेगा नाहीत गं. वरून काहीच दिसत नाही, ना सूज ना लाली. म्हणून तर घरात कोणाला खरं वाटत नाही.

बी ३०२ काका (७:०६): मी पण या ग्रुपवर आहे.

सी ५०४ (७:१४): काकू, "घरात कोणाला खरं वाटत नाही" वाचलं आणि लिहायलाच बसले. माझे दहा महिने यात गेलेत. मी शिकवते, दिवसभर फरशीवर उभी. पहिले तीन महिने "जाईल आपोआप" म्हणून काढले. मग मऊ मऊ स्पंजची चप्पल आणली, पाय आत रुततो तसली. दोन दिवस स्वर्ग, आठवड्यात आणखी दुखायला लागलं. मग एका ठिकाणी एक्स-रे काढला. टाचेखाली चोचीसारखं टोक दिसलं, "हाड वाढलंय" म्हणाले आणि टाचेत इंजेक्शन दिलं. एक महिना मी उड्या मारत होते. पाचव्या आठवड्यात मूळपदावर.

ए १०१ काका (७:१६): मी काय म्हणालो? हाडच!

डी २०३ ताई (७:३१): काका, फिजिओ म्हणून मध्ये पडते. ते टोक एक्स-रेत दिसतं खरं, पण ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते असतं. आणि ज्यांचं दुखणं पूर्ण थांबलं, त्यांचं हाड काही विरघळलेलं नसतं. आहे तिथेच असतं.

काकूंनी सांगितलेली लक्षणं बहुतेक प्लांटर फॅशायटिसची आहेत. तरी एकदा कोणाला तरी दाखवा, मी फोनवरून टाच दाबून बघू शकत नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. आत्ता बसल्या बसल्या पायाचा अंगठा हाताने वर ओढा आणि दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. आतल्या बाजूला दोरीसारखं काहीतरी ताठ लागेल. तोच तो.

बी ६०१ (७:३३): लागला. बाप रे, तारच आहे ही.

डी २०३ ताई (७:३९): विहिरीचा रहाट कसा, दोर गुंडाळला की बादली वर येते. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या संशोधकांनी १९५४ मध्ये पायाचा हा रहाट समजावून सांगितला. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पट्टा तासन् तास आखडून राहतो. मग सकाळी तुम्ही अख्ख्या अंगाचं वजन एकदम त्याच्यावर टाकता. खिळा तिथून येतो.

बी ३०२ काकू (७:४२): म्हणजे आत सूज आहे का? गोळी घेऊ का सुजेची?

डी २०३ ताई (७:४८): 'फॅशायटिस'मधलं '-आयटिस' म्हणजे सूज. नावात सूज आहे, आत फारशी नसते. २००३ मध्ये लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या ५० रुग्णांच्या पट्ट्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. झिजलेले, विस्कटलेले तंतू दिसले, सुजेच्या खुणा नव्हत्या. म्हणून गोळीने चार दिवस बधिर वाटतं आणि पट्टा आहे तसाच राहतो. तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे ना? मग वेदनाशामक मनाने अजिबात घेऊ नका.

ए १०१ काका (७:५०): वजन कमी केलं तर निम्मी दुखणी जातात.

बी ३०२ काकू (७:५१): आधी चालता तर येऊ दे, मग कमी करते.

डी २०३ ताई (७:५५): वजनाचा संबंध आहे, नाही कशाला म्हणू. पण आखडलेल्या पोटऱ्या आणि दिवसभर कडक फरशीवर उभं राहणं यांचाही तितकाच आहे. वजनदार नसलेले धावणारे लोकही माझ्याकडे लंगडत येतात. ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याला "चालायला जा" सांगून काय मिळणार?

सचिव (८:०२): टाकी धुण्याचं काम असल्याने आज ११ ते २ पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

बी ६०१ (८:०४): धावणाऱ्यांवरून आठवलं, ताई. मी ५ किलोमीटर धावायचो, एका आठवड्यात १२ वर गेलो. आता डावी टाच. धावणं पूर्ण बंद करू?

डी २०३ ताई (८:१०): पूर्ण आडवं पडायची गरज नाही. महिना-दोन महिने सायकल किंवा पोहणं, आणि धावणं दुखत नाही इतकंच. तुझा मीटर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल. आजच्या धावण्याने उद्याचं पाऊल जास्त दुखलं, तर आज जास्त झालं.

सी ५०४ (८:१७): शाळेत निघायच्या आधी एवढं एकच लिहिते, कारण मला याने सगळ्यात जास्त फरक पडला. काकू, उद्या सकाळी डोळे उघडल्यावर जमिनीला पाय लावूच नका. पलंगाच्या कडेला बसा. दुखणारा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरा आणि नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा दाबून बघा, पट्टा तारेसारखा लागला पाहिजे. तसा लागला नाही तर तुम्ही नुसती बोटं धरून बसला आहात. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मगच उभं राहायचं. पलंगाशेजारी चप्पल ठेवलेली असू दे, फरशीवर अनवाणी उतरायचं नाही. दिवसात असं तीनदा, आणि बराच वेळ बसून उठताना प्रत्येक वेळी थोडंसं.

मला हे दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी इथपर्यंत लंगडत आले? पहिले दोन आठवडे काहीही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बाथरूमपर्यंत पोचले आणि भिंत धरलीच नव्हती.

डी २०३ ताई (८:२४): हा व्यायाम डीजिओव्हानी आणि त्यांच्या गटाने २००३ मध्ये ८ आठवडे तपासला होता. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा असा पट्टा ताणणाऱ्यांचं सकाळचं दुखणं जास्त कमी झालं. मॅडमनी सांगितलं ते अगदी तेच. पोटरीही ताणा, ती सोडू नका. भिंतीला हात टेकून, दुखणारा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली.

ए ४०२ (८:३३): सासूबाईंनाही हेच सांगू का? त्यांची टाच जळते, रात्री मुंग्या येतात. शुगर आहे बारा वर्षं. बर्फाची बाटली फिरवायला देते.

डी २०३ ताई (८:३४): थांबा! बर्फ नको, गरम पाण्याचा शेकही नको. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर भाजलेलं किंवा गारठलेलं त्यांना कळणारसुद्धा नाही. जळजळ आणि मुंग्या नसेच्या बाजूच्या वाटतात. डॉक्टरांना पाय उघडा करून दाखवा, तळव्याला जखम आहे का तेही आज बघा.

सगळ्यांनाच सांगते. रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, चालत जाल तसं वाढतच जात असेल, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की कळ येत असेल (हाडाला बारीक तडा असू शकतो), ताप किंवा सूज असेल, तर व्यायाम वगैरे नंतर, आधी डॉक्टर. तरुण मुलामुलींच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठ बराच वेळ आखडलेली राहत असेल तर तेही निराळं प्रकरण असतं. आणि टाचेच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर तो हा पट्टा नव्हे.

बी ३०२ काकू (८:४१): माझं टाचेच्या खाली, जरा आतल्या बाजूला. बोटाने दाबलं तर नेमका एक ठिपका.

डी २०३ ताई (८:४२): बरोबर. हाडाला पट्टा जिथे चिकटतो तीच जागा.

बी ३०२ काका (८:४५): चप्पल कुठली घ्यायची? मी आज आणतो.

सी ५०४ (१:२० दुपार): काका, शाबास! दोन्ही टोकं धरून चप्पल वाकवून बघा. बोटांजवळ वाकली तर ठीक. मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. टाच थोडी उंच हवी, अगदी सपाट नको. घरात घालायची वेगळी ठेवा, कारण घरात आपण बाहेरच्यापेक्षा जास्त चालतो, तेही अनवाणी. मापाने बनवून घेतलेले महागडे इन्सोल मीही केले होते. तयार मिळतात त्यांच्यापेक्षा जास्त उपयोग झाला असं मला तरी वाटलं नाही.

डी २०३ ताई (१:३८): अभ्यासांतही मापाचे आणि तयार जवळपास सारखेच निघतात. आधी तयार वापरून बघा.

ए १०१ काका (१:४०): आणि ऑपरेशन? साडूंना सांगितलं होतं.

डी २०३ ताई (१:५२): क्वचित. बहुतेकांचं त्याशिवाय बरं होतं, फक्त वेळ महिन्यांत मोजावा लागतो, कधी वर्षही जातं. सहा-सहा महिने सगळं नीट करूनही हटत नसेल तर शॉकवेव्ह (यंत्राने बाहेरून टाचेवर दाबाच्या लहरी देणं) वगैरे पर्याय असतात. मॅडमच्या इंजेक्शनबद्दल: स्टेरॉइडने महिनाभर बरं वाटणं नेहमीचं आहे. पण वारंवार घेतलं तर पट्टा फाटू शकतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. ती गादी एकदा गेली की परत येणं अवघड.

काकू, दोन आठवडे ताणण्याचं जमलं की पुढचं सांगते. नुसतं ताणून पुरत नाही, पट्ट्याला भार पेलायला शिकवावं लागतं. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवायचे, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. कठडा धरा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका. बारा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची सॅक घ्यायची. रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांवर हे तपासलं होतं. तीन महिन्यांनी टॉवेलवाले ताणणाऱ्यांपेक्षा पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. म्हणजे वर्षाने पोचायचं तिथेच, पण मधले महिने जरा बरे जातात.

बी ३०२ काकू (१:५८): मधल्या महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

बी ६०१ (२:०१): व्यायाम करताना दुखलं तर?

डी २०३ ताई (२:०६): थोडं दुखणारच. दहापैकी चारपर्यंत चालेल. मीटर लक्षात आहे ना?

बी ६०१ (२:०६): उद्याचं पहिलं पाऊल.

सचिव (२:१५): पाणी सुरू झाले आहे. वैद्यकीय चर्चेसाठी वेगळा ग्रुप करावा का, यावर मत द्यावे.

ए १०१ काका (२:१६): नको. इथेच बरं आहे.

तीन आठवड्यांनंतर

बी ३०२ काकू (७:२०): कळवायचं राहिलं. डॉक्टरांना दाखवलं, तेच निघालं. सकाळचं दुखणं आठवरून पाचावर आलंय. मध्ये एक लग्न झालं, सपाट चपला घालून चार तास उभी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. रडूच आलं.

सी ५०४ (७:२६): असे माझे तीन वेळा झाले. चार-पाच दिवसांत परत खाली येतो आकडा. पहिल्या दिवसापासून सुरुवात झाली असं समजू नका.

आणखी सात आठवड्यांनंतर

सचिव (९:१०): बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, खालून दुसऱ्या पायरीवर, गुंडाळलेला निळा टॉवेल आणि पुस्तकांनी भरलेली सॅक दिवसाआड सापडते. झाडताना अडचण होते. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.

बी ३०२ काकू (९:१२): टॉवेल माझा. सॅक यांची.

ए १०१ काका (९:१३): यांचीही टाच?

बी ३०२ काका (९:१५): नाही हो. मी शेजारी उभा राहून सेकंद मोजतो. एकदा सॅक उचलून बघितली, आता मलाही सवय लागली.

बी ३०२ काकू (९:१६): आकडा दोनवर आहे. टॉवेल अजून महिनाभर तिथेच लागेल, सचिवसाहेब. झाडायचं असेल त्या दिवशी बेल वाजवा. मी येते दारापर्यंत.