कराडच्या धावपट्टीजवळ तीन गुंठ्यांचा प्लॉट घ्यावा का?

सदरबझारकर (सातारा)

सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी शाळेतून सेवानिवृत्त होत आहे. माझे माहेर कराडचे असून धाकटा भाऊ अजूनही तिथेच राहतो, त्यामुळे साताऱ्यातील भाड्याचे घर सोडून कराडला स्वतःचे छोटेसे घर बांधावे, असे आम्हा उभयतांच्या मनात आहे. वारुंजीच्या बाजूला तीन गुंठ्यांचा एक बिगरशेती प्लॉट पाहिला. रस्ता आणि पाणी दोन्हींची सोय आहे आणि भावही शहराच्या मानाने आवाक्यातला आहे. मात्र हा प्लॉट विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापासून साडेतीनशे-पावणेचारशे मीटरवर, किंचित बाजूला आहे.

एजंटाने आम्हाला रविवारी दुपारी नेले होते, तेव्हा चिमण्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही. "कधीतरी एखादे हेलिकॉप्टर येते, एवढेच," असे तो म्हणाला. नंतर मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही सासूबाईंना जागा दाखवायला घेऊन गेलो. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे. आम्ही बांधावर बोलत असताना त्यांनी गाडीत बसून बोटांच्या पेरांवर विमाने मोजली आणि परतताना विचारले, "अगं, तासाभरात नऊ विमाने गेली, हे कराड आहे की मुंबई?" भावाने सांगितले तेव्हा कळले की नऊही वेळा आलेले विमान एकच होते.

हा आवाज रोजच्या राहण्यात कितपत जाचक ठरतो, मुलासाठी पुढे वरचा मजला चढवता येईल का, आणि विमानतळाच्या विस्तारात ही जमीनच गेली तर काय, या तीन शंका आहेत. प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्यांनी किंवा या विषयातील जाणकारांनी कृपया सांगावे.

कोयनाकाठ (विजयनगर, कराड)

ताई, सासूबाईंचा हिशेब चुकलेला नाही, कारण खाली राहणाऱ्याच्या कानाला ती नऊ विमानेच असतात. शिकाऊ वैमानिकाला उतरणे आणि उडणे घोटवून घेण्यासाठी त्याच धावपट्टीभोवती चकरा मारायला लावतात, ज्यांना ते लोक सर्किट म्हणतात. चाके टेकली न टेकली की पुन्हा उड्डाण, मग एक वळण, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, पुन्हा वळण आणि पुन्हा उतरणे, असा एक फेरा पाच-सहा मिनिटांत संपतो. विमान एका इंजिनाचे, दोन-चार माणसांचे असते. त्याचा आवाज कानठळ्या बसवणारा नसतो. दूरवरून एखादी फटफटी यावी आणि डोक्यावरून जावी तसा तो असतो, पण वारंवार येतो, आणि खरा त्रास त्या वारंवारतेचाच आहे.

मी इथे एकवीस वर्षे राहतो. हे प्रशिक्षण डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणांचे असल्यामुळे ते दिवसाउजेडीच चालते आणि रात्रीची झोप मोडत नाही. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसचे दिवस शांतता असते. विमान वाऱ्याला सामोरे जाऊनच उडते आणि उतरते, त्यामुळे वारा फिरला की आवाजाची बाजूही बदलते. तुमच्या प्लॉटवरून काही दिवस विमान उतरताना जाईल आणि काही दिवस उडताना. यातले उडताना जाणारे अधिक आवाज करते, कारण तेव्हा इंजिन पूर्ण जोरावर असते. एप्रिल-मे महिन्यांत हवा तापून विरळ झाली की विमान सावकाश चढते, त्यामुळे उन्हाळ्यात ते छपरांच्या अधिक जवळून गेल्यासारखे वाटते आणि खरोखर जातेही.

हेलिकॉप्टरची तऱ्हा निराळी आहे. निवडणुकीच्या हंगामात आणि मोठ्या पाहुण्यांच्या दौऱ्यात ती येतात, त्या दिवशी रस्त्यावर बंदोबस्त असतो आणि दूधवाल्यालाही वळसा पडतो. एका वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि नेमके त्याच सकाळी एक हेलिकॉप्टर अगदी खालून गेले. साडीवर ओळीने मांडलेल्या ओल्या कुरडयांवर अशी धूळ बसली की चाळीसेक कुरडया गुरांपुढे टाकाव्या लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे वाळवण घालण्याआधी वर्तमानपत्रातले दौऱ्यांचे पान पाहिले जाते.

आसपास शेती असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उसाची पाचट पेटवली की धूर धावपट्टीवर जातो, म्हणून त्यावरून बोलणी खावी लागतात. फवारणीचे ड्रोनही मनाला येईल तेव्हा उडवता येत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही विनापरवानगी उंची ६० मीटरपुरतीच आहे, त्याहून जवळ तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा पाहून परवानगीच घ्यावी लागते. माझे स्वतःचे मत विचाराल तर राहायला जागा चांगली आहे. आम्हाला आता विमान ऐकूच येत नाही, पाहुणे आले की तेच आठवण करून देतात.

निवृत्त शाखा अभियंता (विश्रामबाग, सांगली)

कोयनाकाठ यांनी लिहिलेले अनुभवाचे असल्याने त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या प्लॉटच्या बाबतीत आवाज हा शेवटचा प्रश्न समजावा. पहिला प्रश्न उंचीचा आहे आणि तो आजच्या विमानावर नव्हे, तर धावपट्टी उद्या कोणत्या वर्गात जाईल यावर ठरतो.

विमानतळाभोवतीच्या बांधकामांच्या उंचीसाठी केंद्राचे २०१५ चे नियम आहेत. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटर पुढे एक रेषा धरतात आणि तिथून बाहेरच्या दिशेने चढत जाणारा एक तिरका, काल्पनिक पृष्ठभाग मानतात, ज्याच्या वर कोणतेही बांधकाम डोके काढू शकत नाही. केवळ डोळ्यांनी पाहून उतरायच्या छोट्या धावपट्टीसाठी हा चढ साधारण ३० मीटरला १ मीटर धरला, तर टोकापासून ३६० मीटरवरच्या प्लॉटला त्या रेषेपासून ३०० मीटर मिळतात आणि उंची १० मीटर येते. हीच धावपट्टी उद्या उपकरणांच्या आधारे उतरण्याजोगी झाली, तर चढ ५० ला १ होतो आणि त्याच प्लॉटवर उंची ६ मीटर उरते.

आता घराची बेरीज करा. जोते दोन फूट म्हणजे ०.६ मीटर, दोन मजले प्रत्येकी ३ मीटर, जिन्याची खोली २.४ मीटर आणि वर पाण्याची टाकी १.२ मीटर, म्हणजे एकूण १०.२ मीटर झाले. आजच्या हिशेबातही टाकी अडते आणि उद्याच्या हिशेबात वरचा मजलाच अडतो. लोक भिंती मोजतात आणि टाकी, सौर बंब, अँटेना विसरतात, पण नियमाच्या लेखी त्या सगळ्यांची उंची धरली जाते. दारात लावलेला माडसुद्धा पंधरा वर्षांनी अडथळा ठरू शकतो.

यात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या असू शकतात. एक म्हणजे ही उंची समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजतात, त्यामुळे प्लॉटची जमीन धावपट्टीच्या टोकापेक्षा दीड-दोन मीटर खोल असेल तर तेवढी उंची तुम्हाला जास्त मिळते. दुसरी म्हणजे प्लॉट मध्यरेषेपासून किती बाजूला आहे. बाजूला सरकल्यावर हे बंधन सैल होत जाते, मात्र धावपट्टीचा वर्ग वाढला की तो पट्टाही रुंदावतो. म्हणून एखाद्या सर्वेक्षकाकडून प्लॉटचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची पातळी काढून घ्यावी आणि त्या आधारे भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर उंचीच्या ना-हरकतीसाठी अर्ज करावा. "इथे सगळ्यांनी बांधले आहे," हे एजंटाचे वाक्य कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

छोटी धावपट्टी छोटीच राहील, असे गृहीत धरू नये. कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ १९३९ चे, पण अनेक वर्षे तिथे शुकशुकाट होता. २०१८ मध्ये उडान योजनेतून प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली, १,३७० मीटरची धावपट्टी १,९३० मीटर झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या कामासाठी १९५० च्या दशकात झाली आणि ती सुमारे १,२८० मीटर आहे. तिच्या विस्ताराचा आणि त्याला असलेल्या शेतकऱ्यांच्या विरोधाचा विषय कराडकरांना नवा नाही. धावपट्टी वाढते ती टोकाकडून, आणि तुमचा प्लॉट टोकाशी आहे.

सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना आणि मागचे सर्व फेरफार वाचल्याखेरीज इसारा देऊ नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून करता येत नाहीत, आणि अशा वेळी घाईने विकणारे बरेच भेटतात. आमच्या कवलापूरला तर विमानच नाही, जुनी धावपट्टी नुसती पडून आहे, तरी विमानतळाची चर्चा निघाली की मला प्लॉटसाठी फोन येऊ लागतात.

धानोरीचा सातारकर (सध्या पुणे)

मी मूळचा कोरेगावचा, पण गेली बारा वर्षे लोहगाव विमानतळाच्या शेजारी धानोरीत राहतो. खरा आवाज म्हणजे काय, ते आमच्याकडे कळते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवरून ये-जा करतात. प्रवासी विमान गेले तर दूरदर्शनचा आवाज दोन घरे वाढवावा लागतो, पण सुखोई उडाले की फोनवरचे बोलणे अर्ध्यावर थांबवून समोरच्याला "एक मिनिट" म्हणावे लागते. माझ्या आईला साताऱ्याहून फोन आला की पलीकडचे नातेवाईक आता स्वतःहूनच थांबतात.

सरकारी मर्यादांवर फार विसंबू नका. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण विमानतळ क्षेत्रासाठी २०१८ मध्ये वेगळी मानके आली आणि ती बरीच सैल आहेत. शिवाय ही सारी गणिते सरासरीची असतात. दहा मिनिटांच्या शांततेत वीस सेकंदांचा आवाज विरघळवला की कागदावर आकडा सौम्य दिसतो, कानाला मात्र ते वीस सेकंदच लक्षात राहतात. अंतराचा फायदा नक्की होतो, कारण अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून त्याच गावात थोडे मागे प्लॉट मिळत असेल तर तोही पाहावा.

घर बांधणारच असाल तर खिडक्यांवर खर्च करा. सरकत्या खिडकीच्या फटीतून आवाज आत येतो, मग काच कितीही जाड असली तरी उपयोग नाही. बिजागरीची, रबरी पट्टीने घट्ट बसणारी खिडकी आणि दोन थरांची लॅमिनेटेड काच यांनी फरक पडतो. अर्थात, खिडकी बंद ठेवली तरच. कराडच्या उन्हाळ्यात ती किती वेळ बंद ठेवता येईल, हे तुम्हीच ठरवा. सासूबाईंची खोली धावपट्टीच्या विरुद्ध बाजूला काढावी. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर विमानाचा आवाजही मोठा करते, त्यामुळे त्याची जुळणी करणाऱ्या तज्ज्ञांना नव्या जागेची कल्पना द्यावी.

कोयनाकाठ (विजयनगर, कराड)

अभियंतासाहेबांनी हिशेब बिनचूक मांडला आहे, पण विस्ताराची भीती दाखवायची तर आमच्या गल्लीतील निम्म्या घरांचा पायाच खणला गेला नसता. माझे घर बांधताना वडिलांना हेच ऐकवले गेले होते.

निवृत्त शाखा अभियंता (विश्रामबाग, सांगली)

तुमचे घर टोकाकडे नसून बाजूला असावे. बाजूच्या घराला आवाज मिळतो, टोकाच्या घराला नोटीस मिळू शकते. ताईंना एवढाच फरक सांगायचा होता.

सदरबझारकर (सातारा)

तिघांचेही मनापासून आभार. भावाने या आठवड्यात सातबारा आणि फेरफार काढले. इतर हक्कात काही नोंद नाही, पण गेल्या चार वर्षांत हा प्लॉट दोनदा विकला गेल्याचे दिसले आणि ते आम्हाला एजंटाने सांगितले नव्हते. सर्वेक्षकाला जमिनीची पातळी काढायला सांगितले आहे. ती हाती आल्यावर उंचीचा अर्ज करू आणि त्याचे उत्तर येईपर्यंत इसारा देणार नाही. दरम्यान भाऊ त्याच गावात धावपट्टीपासून लांब, आतल्या बाजूला दुसरा प्लॉट पाहत आहे. तो गुंठ्यामागे महाग पडेल, पण वरचा मजला तरी निर्धास्त चढवता येईल.

काल एजंटाचा फोन आला होता. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, ते रविवारी जागा पाहायला येणार आहेत, असे तो म्हणाला. त्यांनाही एकदा मंगळवारी सकाळी नऊला घेऊन जा, असे मी त्याला सांगितले.