मदत हवी आहे : फोनवर माहेश्वरीचे व्हिडिओ, चौकडीत लाटा आणि जरीची चकाकी

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानासाठी बाहेरचा कॅमेरावाला न बोलावता फोनवरच माहेश्वरी साड्यांचे व्हिडिओ करायचे आहेत. दोन ठिकाणी अडलंय.

सध्याची मांडणी: फोन ट्रायपॉडवर, मागचा कॅमेरा, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/६० ला ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० ला बहुतेक वेळा थांबतात. दारातून येणारा दिवसाचा उजेड एका बाजूने, समोर पांढरं थर्माकोल, ट्यूब बंद. दोन्ही उजेड मिसळले की गुलाबी साडी कॅमेऱ्यात वेगळीच दिसते आणि गिऱ्हाईक फसतं, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगाचं सेटिंग) पण लॉक. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, पंखा बंद. आवाजाची तक्रार नाही.

पहिली अडचण: साडीच्या अंगावरची बारीक चौकडी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक जाळीशी जुळून लाटा उमटवते. थोडं पुढे-मागे सरकलं की जातात, पण पदराकडे कॅमेरा फिरवताना पुन्हा येतात. फोरके मध्ये (जास्त बारकाव्याचा मोठा व्हिडिओ) घेऊन नंतर लहान केलं तर कुणाला फरक पडलाय का? की फोकस किंचित सैल ठेवता?

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: काठावरची जरीची तार व्हिडिओत पांढरी फटक होते. पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) धातूच्या चमकीवर फारसा चालत नाही. एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) कमी केलं तर रेशीम काळवंडतं. उजेडासमोर पांढरं मलमल लावायचं ठरवतोय. सहावारी पूर्ण उलगडून दाखवायची तर ते किती मोठं आणि साडीपासून किती फुटांवर? कापडाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मापासकट सांगा.