६४० फुटांच्या घराचं प्लंबिंग: मजुरीचे दिवस किती धरायचे?

चिरेबंदी_६४०
कुडाळजवळ तळमजल्याचं घर, ६४० चौरस फूट. ९ इंची चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, स्लॅब पडलाय, प्लास्टर आणि जमिनीचा कोबा बाकी.
बेडरूमला लागून बाथरूम (कमोड, बेसिन, गीझर, कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे भिंतीत दडवलेला, गरम-गार मिसळून पाणी शॉवर किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह, आणि शॉवर), बाहेर एक संडास व बेसिन, स्वयंपाकघरात सिंक आणि फिल्टर, मागे धुण्याची मोरी व वॉशिंग मशीन, अंगणात एक नळ. गच्चीवर १००० लिटरची टाकी, विहिरीवर पंप. सेप्टिक टँक घरापासून सुमारे २० मीटरवर खणायची आहे.
एक प्लंबर म्हणतो आठ दिवस, दुसरा हजेरीवर (रोजाच्या मजुरीवर) वीस दिवस सांगतो. दोघांकडेही एकेक हेल्पर. खरं कोणाचं? पावसाआधी काम उरकायचं आहे.

लेव्हलट्यूब
दोघंही खरं बोलत असतील, मोजणी वेगळी आहे. चौरस फुटांवर जाऊ नका, पॉइंट मोजा, म्हणजे पाइप जिथे जिथे भिंतीबाहेर येतो त्या जागा.
पाण्याचे पॉइंट: डायव्हर्टरचे ४ (गरम, गार, शॉवर, स्पाउट म्हणजे खालचा नळ), गीझर २, बाथरूमचं बेसिन २, फ्लश १, जेट १, असे बाथरूममध्ये १०. बाहेरच्या संडासाकडे फ्लश, जेट, नळ, बेसिन मिळून ४. सिंक २, फिल्टर १. मोरी २. अंगण १. एकूण २०. सांडपाण्याचे ९ वेगळे.

एक प्लंबर आणि एक हेल्पर या जोडीचे दिवस असे धरा:
- भिंतीवर आखणी: अर्धा
- झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत खाचा) मारून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) बसवणं: ४ (दिवसाला ५ पॉइंट)
- प्रेशर टेस्ट: अर्धा
- जमिनीखालचे ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारी वळणं) आणि ड्रेनेज: २
- गच्चीची टाकी, खाली येणाऱ्या लाइनी, पंपाची चढती लाइन: २
- बाहेरची ड्रेनेज लाइन, चेंबरची जोडणी: २
- कमोड, बेसिन, नळ, गीझर: साडेतीन

बेरीज साडेचौदा. पहिल्या चार ओळी मिळून सात दिवस होतात. आठ दिवसवाल्याने बहुधा तेवढंच धरलंय. काम चार फेऱ्यांत होतं: कोब्याआधी, प्लास्टरआधी, बाहेरचं प्लास्टर झाल्यावर, आणि टाइल्स-रंगानंतर. प्रत्येक फेरीत हत्यारं लावणं आणि मागचं तपासणं यात अर्धा दिवस जातो. म्हणून १६ ते १७ दिवस. वीस म्हणणारा लुटारू नाही, थोडा सैल धरतोय इतकंच.

जांभा_कटर
दिवसाला पाच पॉइंट हे विटेच्या भिंतीत सहज होतं. चिऱ्यात ग्राइंडरने दोन्ही कडा कापून मधला भाग छन्नीने काढायचा. नुसती छन्नी चालवली की जांभ्याचे ढपले निघतात, इंचभराच्या जागी चार इंचांचं भगदाड पडतं आणि ते भरायला गवंड्याचा दिवस जातो. नवा चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. गेल्या हंगामात बांधलेली भिंत असेल तर चारऐवजी पाच दिवस धरा.

घर भिंतींवर तोललेलं असेल तर एक नियम पाळाच: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. ९ इंचाला म्हणजे उभी ३ इंच, आडवी दीड इंच. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मिमी, दीड इंचात बसतो. पण एकाच झिरीत गरम-गार एकामागे एक घालायला गेलात तर बसणार नाही, शेजारी-शेजारी ठेवा. एकाच जागी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी झिरी मारू नका.
साइटवर अखंड वीज आहे ना? ग्राइंडर बंद पडला की जोडी बसून राहते आणि हजेरी चालूच.

चिरेबंदी_६४०
वीज आहे. भिंती दीड वर्षापूर्वीच्या, म्हणजे पाच दिवस. आडव्या झिऱ्या टाळता येतील का?

लेव्हलट्यूब
बऱ्याचशा. मुख्य लाइन गच्चीवर पॅरापेटच्या कडेने क्लॅम्पवर फिरवा आणि बाथरूम, संडास, स्वयंपाकघर, मोरी अशा चार जागी सरळ खाली उतरवा. प्रत्येक उताराला वर एक बॉल व्हॉल्व्ह. पुढे एखादी गळती निघाली तर सगळं घर कोरडं पडत नाही. गच्चीवरच्या सीपीव्हीसीला ऊन लागतं, तिला रंग द्या किंवा झाका.

दाबमापक
सगळ्यात जास्त वेळ टेस्टला वाया जातो, आणि तोही सामान नसल्यामुळे. २० पॉइंट म्हणजे २० प्लग हवेत. टेस्टच्या दिवशी सहा कमी पडले की एक माणूस दुकानात जातो आणि दुपार गेली. पितळी धाग्याचे एल्बो (नळ ज्यात फिरवून बसतो ते कोपरे) १८ लागतील (डायव्हर्टरची गरम-गार जोडणी वेगळ्या कनेक्टरवर), २० आणा.
क्रम असा: शेवटचा सांधा चिकटवल्यावर २४ तास थांबा. गीझरचे दोन पॉइंट लवचीक नळीने एकमेकांना जोडा, म्हणजे गरम-गार एकाच वेळी तपासून होतं. पाणी हळू भरा आणि शॉवरचा प्लग सैल सोडून हवा काढा. हवा अडकली तर दाबमापकाचा काटा डुलत राहतो, मग गळती शोधण्यात तास जातात. हँडपंपने १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब, झिऱ्या बुजवण्याआधी. गवंडी घाई करेल, त्याला थांबवा. प्लास्टर होईपर्यंत लाइन दाबाखालीच ठेवा. कोणी खिळा मारला तर काटा लगेच सांगतो.
सॉल्व्हंट सीपीव्हीसीचाच वापरा. साध्या पीव्हीसीचा डबा तिथे चालत नाही.

गच्ची_टाकी
डायव्हर्टरबद्दल जरा विचार करा. स्लॅब १० फुटांवर, टाकी फूटभर ओट्यावर, शॉवर ७ फुटांवर. म्हणजे उरली ४ फूट उंची. दहा मीटरला साधारण एक किलो दाब, तर ४ फुटांना ०.१२ किलो. कन्सील्ड डायव्हर्टरमधून शॉवर कसाबसा ठिबकेल. टाकी ६ फुटांच्या खांबांवर चढवा, दाब दुपटीहून जास्त होतो, पण खांबांचं काम गवंड्याकडे आत्ताच सांगावं लागेल. नाहीतर साधा वॉल मिक्सर घ्या, ज्याला शॉवरची नळी भिंतीबाहेरून जाते. दोन पॉइंट कमी होतात आणि जवळजवळ अर्धा दिवस वाचतो.

उतार_चाळीस
ड्रेनेजचं कोणी खोलात बोललं नाही, आणि पाऊस तिथेच गाठणार आहे.
११० मिमी लाइनला १:४० उतार दिला तर २० मीटरला ५० सेंमी खाली जाते. घराजवळ ३० सेंमी खोल सुरुवात झाली तर टँकपाशी ८० सेंमी. सेप्टिक टँकचं तोंड याच मापाने ठेवा. टँक आधी बांधून तोंड वर ठेवलं की लाइन उलटी पडते आणि मग पुन्हा खोदकाम. सिंक-मोरी-नहाणीचं पाणी सेप्टिकमध्ये सोडू नका; गली ट्रॅपमधून (घराबाहेरच्या जाळीच्या ट्रॅपमधून) वेगळी लाइन शोषखड्ड्याला किंवा परसातल्या झाडांना.

खोदकाम प्लंबरच्या दोन दिवसांत धरलेलं नाही. कातळ लागला तर कुदळ-फावड्याचं काम नाही, ब्रेकर भाड्याने आणावा लागतो. आधी दोन-तीन जागी खड्डा घेऊन पाहा, मगच दिवस ठरवा.

घरात जमिनीखालची भरणी पाणी मारून, धुम्मसाने थरावर थर ठोकलेली हवी. सैल भरणीवर नहाणी ट्रॅप बसवला की एका पावसाळ्यात खचतो, पाइप मधून वाकतो आणि पाणी तुंबतं. जमिनीखालच्या ट्रॅपचे दोन दिवस घाईत उरकू नका.
कमोड आत्ताच निवडा. एस ट्रॅप (कमोडचा जमिनीत उतरणारा निचरा) भिंतीपासून ९ इंची की १२ इंची हे ठरल्याशिवाय पहिली फेरीच सुरू होत नाही. माप टाइल लावलेल्या भिंतीपासून असतं, म्हणून कच्च्या भिंतीपासून दीडेक इंच जास्त.

जांभा_कटर
तेच दीड इंच एल्बोलाही. प्लास्टर २० मिमी, टाइल आणि तिचा मसाला २० मिमी, म्हणून एल्बोचं तोंड कच्च्या भिंतीच्या ४० मिमी बाहेर. आत राहिलं की एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारा जोडतुकडा) लावावी लागते, आणि प्रत्येक निपल म्हणजे गळायला आणखी एक सांधा. फिटिंगच्या साडेतीन दिवसांचे पाच होतात ते बहुतेक यामुळेच.

चिरेबंदी_६४०
वॉल मिक्सर घेतो, पॉइंट १८. मग पैसे पॉइंटवर ठरवू की हजेरीवर?

लेव्हलट्यूब
भिंतीतलं काम पॉइंटवर, फिटिंग नगावर, बाहेरची लाइन हजेरीवर. तिथे कातळ किती लागेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. पॉइंटमध्ये काय काय येतं ते कागदावर लिहून घ्या: झिरी, पाइप, क्लॅम्प, टेस्ट. झिरी बुजवणं आणि जाळी मारणं सहसा गवंड्याकडे असतं, प्लंबर फक्त जागोजागी मसाल्याचे ठिपके देऊन पाइप धरून ठेवतो. बाहेरची लाइन मे अर्ध्यावर यायच्या आत पुरून टाका, फिटिंग पावसातही होतं.