सोयाबीन आणि मक्यावर बुरशीनाशकाची फवारणी: खर्च वसूल होतो का?

औसेकर

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात माझी नऊ एकर कोरडवाहू जमीन आहे. यंदा सहा एकरांवर सोयाबीन आणि तीन एकरांवर मका आहे. सोयाबीनपैकी चार एकर फुले संगम (केडीएस 726) या वाणाचे असून उरलेले दोन एकर घरच्या बियाण्याचे जेएस 335 हे वाण आहे. पीक चाळीस दिवसांचे झाले, फुलोरा नुकताच सुरू होत आहे आणि पानांवर अद्याप कोणताही रोग दिसलेला नाही.

तरीही दुकानदाराचा सल्ला असा आहे की पायराक्लोस्ट्रोबिन आणि इपॉक्सीकोनॅझोल यांचे संयुक्त बुरशीनाशक आताच फवारावे, म्हणजे झाड शेवटपर्यंत हिरवे राहील आणि एकरी दोन पोती वाढतील. औषध, मजुरी आणि पंपाचे पेट्रोल धरून एकरी 1,450 रुपये लागतील. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना माझा माल आडतीवर 4,150 रुपयांनी गेला आणि मक्याला 1,900 रुपये मिळाले. अशा भावात, रोग दिसत नसताना केवळ खबरदारी म्हणून हा खर्च करावा का, आणि मक्यावरही करावा का, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

वारणाकाठ

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला. आमच्या भागात फवारणी करावी की नाही असा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण तांबेरा हा बुरशीजन्य रोग जवळपास दरवर्षी येतो. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, सतत भुरभुर पाऊस आणि सकाळी उशिरापर्यंत पाने ओली असली की खालच्या पानांच्या मागच्या बाजूला बारीक तपकिरी पुटकुळ्या येतात. बोट फिरवले तर विटकरी भुकटी लागते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत शेत पिवळे पडून पाने गळतात आणि शेंगांत दाणा भरतच नाही. जेएस 335 वर मी एका वर्षी केवळ एक आठवडा उशीर केला, तर एकरी दहा क्विंटलची आशा होती तिथे साडेचार क्विंटल झाले, आणि तेही बारीक, सुरकुतलेले दाणे.

त्यामुळे आम्ही हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल लिटरला 1 मिली या प्रमाणात पहिली पुटकुळी दिसताच फवारतो आणि पंधरा दिवसांनी गरजेप्रमाणे दुसरी फवारणी घेतो. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण, म्हणजे फुले अग्रणी, फुले संगम आणि फुले किमया, आल्यापासून मला बहुतेक वर्षी एकाच फवारणीत भागवता आले आहे. मात्र आमचे हवामान वेगळे आहे. आमच्या अनुभवावरून औशात खर्च करावा असे मी म्हणणार नाही.

पानठिपका

मी वनस्पती रोगशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो आणि आता घरची शेती पाहतो.

आधी हिशेब क्विंटलमध्ये न करता किलोमध्ये करावा. 1,450 रुपये भागिले 41.50 म्हणजे सुमारे 35 किलो सोयाबीन, आणि भागिले 19 म्हणजे सुमारे 76 किलो मका. एवढे उत्पादन फवारणीमुळे वाढले तर आपण ना नफा ना तोटा या रेषेवर येता. आपला उतारा एकरी आठ क्विंटल धरला तर 35 किलो म्हणजे सुमारे 4.4 टक्के वाढ झाली. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, परंतु ज्या शेतात रोगच नाही तिथे बुरशीनाशकाने 4.4 टक्के वाढ खात्रीने मिळेल असे मानायला आधार नाही. ते औषध आहे, खत नाही.

झाड हिरवे राहण्याबद्दल दुकानदार खोटे बोलत नाहीत. स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधांनी (पायराक्लोस्ट्रोबिन त्यातलेच) पाने खरोखर जास्त दिवस हिरवी राहतात. मात्र हिरवेपणा आणि दाण्याचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरडवाहू शेतात हिरवेपणाची किंमतही मोजावी लागते: काढणी काही दिवस लांबते, खोड ओलसर राहिल्याने मळणीला त्रास होतो, आणि पुढे हरभरा पेरायचा असेल तर जमिनीतली ओल तेवढ्या दिवसांत उडून जाते.

अमेरिकेतील मका पट्ट्यात मक्याचे भाव चढल्यानंतर मक्यावर बुरशीनाशक फवारण्याची अशीच लाट आली होती. तिथे 2002 ते 2009 या काळात 14 राज्यांत झालेल्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. औषधानुसार सरासरी वाढ हेक्टरी 230 ते 390 किलो मिळाली, परंतु एका प्रयोगातून दुसऱ्या प्रयोगात आकडे फार बदलत होते. जिथे पानांवर रोगाचे प्रमाण 5 टक्क्यांपेक्षा कमी होते, तिथे त्या काळच्या सरासरी भावाने खर्च वसूल न होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक निघाली. तिथला उतारा हेक्टरी 9 ते 10 टन असतो, म्हणजे ही वाढ अडीच ते चार टक्के झाली. ढोबळमानाने तेच प्रमाण आपल्या एकरी वीस क्विंटल मक्याला लावले तर 50 ते 80 किलो येतात, आणि आपल्याला 76 किलो हवे आहेत. रोग नसताना मक्यावर फवारणी करण्याचा विचार मी तरी सोडून देईन.

सोयाबीनबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. लातूरकडे तांबेऱ्यापेक्षा शेंगा करपा आणि रायझोक्टोनिया एरियल ब्लाइट यांची भीती अधिक असते. हे दोन्ही रोग झाडांची दाटी, ढगाळ हवा आणि पाच-सहा दिवस सलग पाऊस असेल तरच जोर धरतात. म्हणून आज फुलोऱ्यात फवारण्याऐवजी शेंगा धरू लागेपर्यंत दहा-बारा दिवस थांबावे. तेवढ्यात पाऊस लागून राहिला तर फवारणी करावी, आणि त्यातही जेएस 335 ला आधी. उघडीप पडली तर पैसे खिशात ठेवावेत, किंवा विहिरीला पाणी असल्यास तुषार संचाने एक संरक्षित पाणी द्यावे, कारण कोरड्या ताणात येणाऱ्या चारकोल रॉटवर (मूळ-खोड कुजवणाऱ्या रोगावर) पानांवरच्या फवारणीचा काही उपयोग नाही. तो जमिनीतून येतो. पिवळा मोझॅक तर विषाणूजन्य असून पांढरी माशी तो पसरवते. 2023 च्या खरिपात पिवळी पडलेली शेते पाहून कित्येकांनी त्यावर बुरशीनाशक मारले. ते सर्व पैसे वाया गेले.

कन्नडचा मकेवाला

मक्यावर माझी फवारणी होते ती लष्करी अळीसाठी. करपा हा पानांचा बुरशीजन्य रोग काही वर्षी खालच्या पानांवर दिसतो, पण कणसाच्या वरची पाने स्वच्छ असतील तर मी त्याकडे दुर्लक्ष करतो. शिवाय तुरा आलेल्या, डोक्याच्या वर गेलेल्या मक्यात पाठीवरचा पंप घेऊन शिरणे म्हणजे औषध स्वतःच्याच अंगावर घेणे आहे. यवतमाळमध्ये 2017 साली उंच कापसात फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली ते सर्वांना आठवत असेल.

रेणाकाठ

पानठिपका यांचे म्हणणे पुस्तकी वाटते. मी तीन वर्षे न चुकता फुलोऱ्यात बुरशीनाशक, अळीचे औषध आणि 19:19:19 हे विद्राव्य खत एकत्र फवारतो. शेजाऱ्यापेक्षा मला एकरी दोन क्विंटल जास्त होतात. अनुभवापेक्षा मोठा पुरावा कोणता?

पानठिपका

आपल्याला दोन क्विंटल जास्त होतात याबद्दल मला शंका नाही. माझी शंका एवढीच आहे की ते बुरशीनाशकामुळे झाले हे कशावरून ठरवायचे? एका पंपात तीन गोष्टी होत्या, आणि शेजाऱ्याचे बियाणे, पेरणीची तारीख आणि जमिनीची खोली हीसुद्धा आपल्यासारखीच होती का? अळी वेळेवर आवरली एवढ्यानेही दोन क्विंटलचा फरक पडू शकतो. आपण यंदा पंपातून फक्त बुरशीनाशक वगळून आठ तासांचा (पिकाच्या ओळींचा) एक पट्टा फवारावा आणि तो वेगळा मळून वजन करावे. माझा अंदाज चुकला तर मी इथेच तसे लिहीन.

दरवर्षी न चुकता एकाच गटाचे औषध वापरण्याचा तोटाही लक्षात घ्यावा. अमेरिकेत टेनेसी राज्यात 2010 मध्ये सोयाबीनच्या पानांवर ठिपके पाडणारी एक बुरशी स्ट्रोबिल्युरिनला दाद देईनाशी झाली, आणि खरा रोग आला तेव्हा ते औषध तिथे निकामी ठरले.

रेणाकाठ

पट्टा सोडतो. पण मळणीयंत्रवाला आठ ओळींसाठी वेगळे थांबायला तयार होईल का, हा खरा प्रश्न आहे.

वारणाकाठ

तेवढे कापून ताडपत्रीवर घ्यावे आणि काठीने झोडपावे. आम्ही तसेच करतो. पट्टा बांधाच्या कडेला मात्र घेऊ नका, तिथला उतारा नेहमी फसवा असतो. आणि औषधाचे माप पंपावर न धरता एकरावर धरा. एकरी दहा पंपांचे काम सहा पंपांत उरकले तर औषध खालच्या पानांपर्यंत पोहोचतच नाही, आणि रोग नेमका तिथूनच सुरू होतो.

औसेकर

सर्वांचे आभार. मक्यावरची फवारणी मी रद्द केली आहे. सोयाबीनसाठी दहा दिवस थांबतो आणि रोज सकाळी जेएस 335 मध्ये शिरून खालची पाने उलटून पाहतो. पाऊस लागून राहिला तर त्या दोन एकरांवर फवारणी करीन, तीही मध्ये दोन ठिकाणी आठ-आठ ओळी कोरड्या सोडून. मळणी झाल्यावर दोन्हींचे वजन इथे लिहितो.