मदत हवी आहे: स्वित्झर्लंडला आम्ही दोघंच, १५ दिवस

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत राहतो. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. आजवर डोंगर म्हणजे आंबोली आणि तळं म्हणजे राकसकोप, एवढीच आमची धाव. येत्या जूनमध्ये दोघंच जायचं ठरवलंय. टूरवाल्यांबरोबर नको, एका तळ्यापाशी दहा मिनिटं उभं करून बसमध्ये कोंबतात.

थून आणि ब्रिएन्त्स या दोन तळ्यांच्या मधे इंटरलाकनला सात रात्री, मग लुझर्नला सात, असा बेत आहे. घोडं पासवर अडलंय. स्विस ट्रॅव्हल पास १५ दिवसांचा मिळतो, त्यात रेल्वे, बोटी आणि रिगीचा डोंगरही येतो. पण युंगफ्राउयोखला (बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन, ३४५४ मीटर!) वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं, नुसती सवलत. त्यापेक्षा महिनाभराचं हाफ फेअर कार्ड (ते दाखवलं की तिकिटं अर्ध्या दरात) स्वस्त पडेल काय ओ? रोज हिंडणं जमायचं नाही, हिचे गुडघे दुखतात. एक दिवस फिरायचं, एक दिवस तळ्याकाठी बसायचं.

दुसरं, व्हिसाला बंगळूर बरं की पुणे?

आणि हो, कुंदा न्यायचा नाही म्हणे. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. हिने दोन किलोची ऑर्डर मनात देऊनसुद्धा ठेवली होती! शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र बांधतोय. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन कोणी राहिलंय का? खर्चाचा अंदाज सांगा.